तो प्रश्न सासऱ्यांना विचारायलाच हवा होता

प्रश्न : गेल्या महिन्यात रात्री माझ्या सासऱ्यांच्या (वय ७१) छातीत दुखू लागलं, दरदरून घाम सुटला. आम्ही दांडिया बाजारात राहतो. ॲम्ब्युलन्स वेळेत आली, त्याबद्दल तक्रार नाही. शेजारचे काका छातीतल्या दुखण्यावरची सॉर्बिट्रेटची गोळी घेऊन धावत आले होते, पण ॲम्ब्युलन्समधल्या मुलानं ती जिभेखाली ठेवू दिली नाही. ॲस्पिरिन चावायला दिली, बीपी बघितलं, छातीला वायरी लावल्या आणि सगळ्यांदेखत सासऱ्यांना विचारलं, "काका, ताकातनी कोई गोळी लो छो?" (ताकदीची काही गोळी घेता का?) सासूबाई आणि मी तिथंच उभ्या. मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग तो फोनवर डॉक्टरांशी बोलला आणि सॉर्बिट्रेट न देताच निघाला. सासरे आता बरे आहेत. पण फॉर्मात आहे म्हणून सगळं विचारायचंच का? माणूस बघून डोकं चालवायला नको?
– एक सूनबाई, वडोदरा

उत्तर : सूनबाई, डोकं चालवलं म्हणून तर ती गोळी शेजारच्या काकांच्या हातातच राहिली!

सॉर्बिट्रेट रक्तवाहिन्या सैल करते आणि बीपी उतरवते. सिल्डेनाफिल, म्हणजे ज्याला लोक सरसकट व्हायग्रा म्हणतात, तीही रक्तवाहिन्या सैलच करते. दोन्ही एकत्र आल्या तर बीपी इतकं कोसळू शकतं की सावरणं कठीण. म्हणून सिल्डेनाफिल घेतल्यावर २४ तास आणि टाडालाफिल घेतल्यावर ४८ तास सॉर्बिट्रेट द्यायची नाही. आणि ही टाडालाफिल ५ मिलिग्रॅमच्या गोळीत प्रोस्टेट वाढलेल्यांना रोज दिली जाते, लघवीला त्रास होऊ नये म्हणून. ७१व्या वर्षी ती कुणाच्या खणात सापडली तर त्यात लाजायचं काय?

विचारण्याची तऱ्हा चुकली, हे मान्य. आपत्कालीन विभागात मलाही हा प्रश्न रोज विचारावा लागे, आणि बाई डॉक्टर समोर असली की पुरुष हमखास छताकडे बघतात. मी आधी बायकोला जुने कागद आणायला पाठवायचे, मग विचारायचे, "लघवीसाठी रात्री एखादी गोळी असते का?" बहुतेकदा खुंटीवरच्या शर्टाच्या खिशातून पाकीट निघायचं. काय विचारायचं ते प्रोटोकॉलमध्ये, म्हणजे उपचाराच्या ठरलेल्या नियमांत, लिहिलेलं असतं, कुणाला आधी बाहेर पाठवायचं ते नसतं.

सासऱ्यांचं उत्तर 'नाही' आलं तरी गोळी लगेच देता येत नाही. वरचं बीपी ९०च्या खाली असेल तर नाहीच. ईसीजीत हृदयाच्या खालच्या भिंतीचा ॲटॅक दिसला तरी हात आखडता घ्यावा लागतो. त्यात कधीकधी उजवा कप्पाही सापडतो, आणि तो परतून येणाऱ्या रक्ताच्या भरवशावर चालत असतो. तेवढ्यात रक्तवाहिन्या सैल केल्या तर ते रक्तच कमी पडतं. अशा वेळी त्या मुलानं डॉक्टरांना फोन लावला. मला त्याचं हेच सगळ्यात आवडलं.

'अनुभवावर चालावं' हे ऐकायला छान वाटतं. हार्ट ॲटॅकनंतर ज्यांचे ठोके मध्येच चुकत, त्यांना ते ठोके दाबणारी औषधं देण्याचा डॉक्टरांमध्ये प्रघात होता. तर्कही सरळ होता: जादा ठोके धोक्याचे, म्हणून ते बंद करा. अमेरिकेतल्या 'कास्ट' चाचणीत हे ताडून बघितलं, तेव्हा एन्केनाइड आणि फ्लेकेनाइड घेणारेच जास्त दगावले. १९८९मध्ये त्या औषधांची चाचणी मध्येच थांबवावी लागली. ईसीजी सुधारत होता आणि माणसं जात होती!

अर्थात प्रोटोकॉल काही वेदवाक्य नव्हे. छातीत दुखलं की नाकाला ऑक्सिजन, हा वर्षानुवर्षांचा नियम. २०१७मध्ये स्वीडनमधल्या ६,६२९ रुग्णांच्या अभ्यासात दिसलं की रक्तातला ऑक्सिजन ९० टक्के किंवा त्याहून जास्त असेल तर वरून दिल्यानं वर्षभरातले मृत्यू कमी होत नाहीत. नियम बदलले, पण ते असे मोजून बदलले. कुणाच्या मनात आलं म्हणून नव्हे. प्रसंगी नियम मोडावाही लागतो. मात्र का मोडला ते रुग्णाच्या कागदावर सही करून लिहायची तयारी हवी. शेजारच्या काकांना असं काही लिहायचं नव्हतं.

सासऱ्यांच्या सगळ्या गोळ्यांची यादी, प्रोस्टेटच्या गोळीसकट, कपाटाच्या दाराला आतून चिकटवा. मग सगळ्यांदेखत विचारायची वेळच येणार नाही.

प्रश्न : भावाचं तोंड वाकडं झालं, उजवा हात उचलेना. अर्धांगवायू आम्हालाही दिसत होता, तरी ॲम्ब्युलन्सवाल्यानं आधी बोट टोचून शुगर बघितली. वेळ वाया नाही का गेला?
– म. रा., रावपुरा

उत्तर : नाही. शुगर फार उतरली तर अगदी असंच दिसू शकतं, आणि तपासायला मिनिटही लागत नाही. तुम्ही घड्याळ बघा: भाऊ शेवटचा ठणठणीत कधी दिसला, ती वेळ लिहून ठेवा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देतात आणि ते तास तिथून मोजतात, तोंड वाकडं दिसल्यापासून नव्हे. गुठळी आहे की रक्तस्राव, हे सीटी स्कॅनशिवाय कळत नाही. तोवर घरची डिस्प्रिन देऊ नका, पाणीसुद्धा पाजू नका.