हवामानाचे अंदाजच जुळत नसतील, तर पाण्याची मॉडेल करून काय उपयोग?

२०५० च्या सुमारास पाऊस किती पडेल यावर हवामान मॉडेलांचेच एकमत नसताना खोऱ्याचे मॉडेल (पडलेल्या पावसातले किती पाणी धरणांत येईल याचे संगणकी गणित) करून धरणांचे नियोजन सुधारेल का, असे आपण विचारले आहे. सुधारेल, पण मॉडेलकडून भविष्यातला पावसाचा आकडा मागू नये. पाऊस कितपत घटला किंवा लांबला म्हणजे धरणावर मंजूर केलेले पाणी देता येणार नाही, हे त्याला विचारावे. जलविज्ञानात काम करताना मला हीच दिशा उपयोगी वाटत आली आहे.

भीमा नदीवरच्या उजनी धरणाचे पाहा. सुमारे ११७ टीएमसी (अब्ज घनफूट) साठ्यापैकी ६३ टीएमसीहून अधिक मृतसाठा, म्हणजे नेहमीच्या वापराच्या पातळीखालचे पाणी, असून, उपयुक्त ५३ टीएमसी पाणी जेमतेम सहा मीटरच्या विस्तीर्ण थरात पसरलेले असते, त्यामुळे बाष्पीभवनापोटी सरसकट एक टक्केवारी वजा करणाऱ्या मॉडेलमध्ये तापमानवाढीचा फटका दिसतच नाही. त्याहून महत्त्वाचा आहे येवा, म्हणजे धरणात येणारे पाणी. लाभक्षेत्र मुख्यतः सोलापूरच्या अवर्षणप्रवण पट्ट्यात, तर पाणी येते पुणे जिल्ह्याच्या घाटमाथ्यावरून, आणि तेही पानशेत, वरसगाव, पवना, चासकमान, डिंभे अशी वरची धरणे भरल्यानंतर. म्हणून घाटावरच्या पावसातली तूट वरच्या धरणांना थोडी जाणवली तरी उजनीच्या वाट्याला ती कितीतरी मोठी होऊन येते. ही धरणे वेगवेगळी न मांडता सगळे खोरे एकच समजून केलेले मॉडेल खोटा दिलासा देते, आणि असे दिलासे मला फार धोकादायक वाटतात.

आपल्याकडे प्रकल्पांचे पाणी बहुधा ७५ टक्के विश्वासार्हतेने (शंभरातल्या ७५ वर्षी तरी मिळेल इतके) मोजले गेले, म्हणजे मागच्या नोंदींसारखीच वर्षे पुढेही येतील असे धरून. तेच गृहीतक तपासायचे आहे. त्यासाठी दैनंदिन पावसाच्या नोंदी घेऊन त्यात दहा-वीस टक्के घट, दोन अंशांची तापमानवाढ, जुलैतला मोठा खंड, तेवढाच पाऊस पण कमी दिवसांत, असे बदल करून प्रत्येक वेळी पिण्याचे पाणी आणि रब्बीची आवर्तने (कालव्याने पाणी सोडण्याच्या पाळ्या) कुठे कोलमडतात ते पाहावे. यांपैकी कोणती स्थिती संभवते हे ठरवताना हवामान मॉडेल उपयोगी पडतात. मॉडेल २००५-०६ सारख्या ओल्या वर्षांच्या नोंदींशी जुळवून बसवले असेल, तर २०१५ सारख्या दुष्काळी वर्षावर पारखल्याशिवाय वापरू नये. १५ ऑक्टोबरच्या साठ्यावर किती आवर्तने द्यायची, हे ठरवणाऱ्या कालवा सल्लागार समितीसमोर ठेवण्याजोगा तक्ता यातूनच तयार होतो.