घरी बडबड, वर्गात गप्प

"घरी दिवसभर बडबडतो, शाळेत मात्र तोंडच उघडत नाही. टीचर म्हणतात, घरी इंग्रजी बोला. आम्ही बोलतोय मॅडम, तरी काही फरक नाही." मूल इंग्रजी माध्यमाच्या ज्युनिअर केजीत घातलेल्या मराठी घरांमधून ही तक्रार माझ्याकडे नेहमी येते. पहिलं सत्र संपून दिवाळी जवळ आली की जरा जास्तच. पुढची हकिकत अशाच एका मुलाची आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

मुलगा सव्वाचार वर्षांचा, घर सिंहगड रस्त्याला. आई-बाबा दोघंही नोकरीला, त्यामुळे शाळा सुटल्यावर तो आजीजवळ. आजी मूळच्या सासवडकडच्या. जूनमध्ये शाळा सुरू झाली आणि ऑक्टोबरात डायरीत शेरा आला: मूल प्रतिसाद देत नाही, घरी इंग्रजीतच बोला. त्यानंतर तीन आठवडे घरात तसा नियमच झाला. मुलानं पाणी मागितलं की "आधी वॉटर म्हण." आजींना इंग्रजी येत नाही, म्हणून त्यांनी बोलणंच आवरतं घेतलं. "नातवाशी बोलायचीसुद्धा चोरी झालीय मला," असं त्या मला भेटल्या तेव्हा म्हणाल्या. तीन आठवड्यांनी मुलगा शाळेत होता तसाच होता, आणि आता घरीही गप्प बसायला लागला होता.

शेरा लिहिणाऱ्या शिक्षिकेचा हेतू चांगलाच होता, सल्ला मात्र चुकीचा. तो का चुकीचा, हे सांगण्याआधी दोन गोष्टी पक्क्या करून घ्याव्या लागतात, कारण प्रत्येक गप्प मुलाचं कारण एकच नसतं.

पहिली गोष्ट म्हणजे कान. पावसाळ्यात सतत सर्दी होणाऱ्या मुलांच्या कानाच्या पडद्यामागे पाणी साठू शकतं. कान दुखत नाही, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही, पण ऐकू थोडं कमी येतं. शांत घरात, समोरासमोर ते निभावून जातं; पंख्याच्या आवाजात, मागच्या बाकावर निभत नाही. त्यात भाषा नवी असली तर निसटलेला शब्द अंदाजानं भरून काढता येत नाही. हे पाणी बहुतेकदा तीनेक महिन्यांत आपोआप ओसरतं, पण आहे की नाही हे कळायला हवं. म्हणून श्रवणचाचणी आणि पडद्याची हालचाल बघणारी टिम्पॅनोमेट्री, दोन्ही करून घेतल्या. या मुलाचे दोन्ही कान ठीक निघाले.

दुसरी गोष्ट: गप्प म्हणजे नेमका कुठे गप्प? व्हॅनमध्ये तो इतर मुलांशी मराठीत भांडतो, व्हॅनच्या काकांना काल काय झालं ते सांगतो, शाळेतल्या मावशींच्या कानात कुजबुजतो. म्हणजे शाळेत त्याची वाचा बसत नाही, फक्त इंग्रजी निघत नाही. हा फरक फार महत्त्वाचा. काही मुलं घरी मोकळी असतात, पण शाळेत कुणाशीच, कोणत्याही भाषेत बोलू शकत नाहीत. शाळेचा पहिला महिना सोडून हे महिनाभराहून जास्त चाललं, तर ती चिंतेतून आलेली वेगळी अडचण असू शकते आणि तिला वेगळे उपचार लागतात.

मग घरातलं बोलणं तपासलं. आईला सांगितलं होतं की मुलाला न कळू देता दहा मिनिटं मोबाइलवर रेकॉर्ड करा, प्रश्न विचारू नका. त्यात हे एक वाक्य होतं: "आजी, तू पूजा करलीस की मग आपण खाली जाऊ, पण मांजर असलं तर मी नाही येणार."

आईला त्यातलं 'करलीस' तेवढं खटकलं. खरं तर तेच सगळ्यात आश्वासक. घरात 'करलीस' कुणी म्हणत नाही, म्हणजे तो शब्द ऐकून पाठ केलेला नाही. बसलीस, उठलीस, धरलीस यांमधला नियम त्यानं स्वतः शोधून काढला आणि 'कर'ला लावला. 'केलीस' हा अपवाद आहे, तो ऐकता ऐकता बसेल. शिवाय त्या एका वाक्यात आधी काय, मग काय हा क्रम आहे, अट आहे, आणि आजीला धरून घेणारं 'आपण' आहे, 'आम्ही' नाही. वयाच्या मानानं ही भाषा उत्तम आहे. ज्याला भाषा शिकण्यातच अडचण असते, त्याची अडचण घरच्या भाषेतही दिसते. दोन भाषा कानावर पडल्यामुळे ती निर्माण होत नाही. त्यानं "मला वॉटर दे" म्हटलं तर तोही गोंधळ नव्हे. "गाडी पार्क कर" आपणही म्हणतोच.

मग तो वर्गात गप्प का? नव्या भाषेत शिरणारी बरीच लहान मुलं सुरुवातीला काही आठवडे, कधी कधी काही महिने फक्त ऐकतात. या काळात आत काम चालू असतं: आवाज वेगळे होतात, कोणत्या आवाजाला वर्गात काय घडतं हे जुळतं. नंतर ठरीव तुकडे बाहेर येतात, 'मे आय कम इन' सारखे, ज्यातला एकेक शब्द मुलाला अजून सुटा कळलेला नसतो. स्वतःची वाक्यं त्याच्याही नंतर. घरी इंग्रजी सुरू केल्यानं हा काळ लहान होत नाही. उलट ज्या भाषेत त्याला 'जड-हलकं', 'आधी-नंतर', 'कारण' हे सगळं कळतं, तीच भाषा बंद पडते. जड म्हणजे काय हे ज्याला कळलंय, त्याला 'हेवी' हा फक्त नवा शब्द असतो. न कळलेल्याला शब्द आणि अर्थ दोन्ही एकदम उचलावे लागतात.

शाळेच्या परवानगीनं एका सकाळी चाळीस मिनिटं वर्ग पाहिला. 32 मुलं, एक शिक्षिका, एक मावशी. शिक्षिका प्रेमळ आणि मेहनती. प्रश्न विचारला की सेकंदभर थांबून त्या पुढच्या मुलाकडे वळत. बहुतेक शिक्षक एवढंच थांबतात. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेनं 1970 च्या दशकात हे मोजलं होतं. तीन सेकंद किंवा जास्त थांबलं की उत्तरं लांबतात आणि एरवी न बोलणारी मुलंही बोलतात, असं तिला दिसलं. नवी भाषा असेल तर आणखी थोडं थांबावं लागतं. दुसरं, उत्तर उभं राहून पूर्ण वाक्यातच द्यायचं, असा दंडक होता. तिसरं, रांग करायला त्याच सकाळी 'लाइन अप', 'मेक अ क्यू' आणि 'कम वन बिहाइंड द अदर' असे तीन प्रकार ऐकू आले. आपल्याला ते एकच, मुलाला तीन वेगळ्या गोष्टी.

मुलगा 'ओपन युअर बुक' ऐकून लगेच पुस्तक उघडत होता. बाटली फळीवर ठेवायला सांगितलं, तेव्हा मात्र त्यानं आधी शेजाऱ्याकडे पाहिलं आणि मग उठला. समज कुठपर्यंत आलीय, ते या दोन क्षणांत दिसलं. समूहात म्हणताना ओठ हलत होते.

आईनं सहज बोलता बोलता आणखी एक गोष्ट सांगितली होती: पाण्याची बाटली रोज भरलेलीच परत येते. वर्गात 'मे आय गो टू टॉयलेट' म्हटल्याशिवाय जाता येत नव्हतं. ते वाक्य तोंडातून निघत नाही, म्हणून तो पाणीच पीत नव्हता. अशी मुलं कमी नाहीत. कोणत्याही भाषेच्या आग्रहापायी चार वर्षांच्या मुलानं लघवी रोखून धरू नये. शिक्षिकेला हे माहीतच नव्हतं. त्याच दिवसापासून करंगळी दाखवली की जायचं, असं ठरलं. शिक्षिका तेवढ्यात ते वाक्य स्वतः म्हणतील आणि पाठवतील.

बाकीची आखणी 32 मुलांच्या वर्गात जमेल एवढीच ठेवली. रोजच्या कामाच्या आठ सूचना निवडल्या. शब्द तेच, खूण तीच, महिनाभर बदल नाही. या मुलाला विचारायचे प्रश्न पायऱ्यांनी: आधी 'शो मी द रेड वन', इथे बोट दाखवलं तरी उत्तर झालं. मग 'रेड ऑर ब्लू?', इथे शब्द प्रश्नातच मिळतो. मग 'व्हॉट कलर?' वाक्य सगळ्यात शेवटी. प्रश्नानंतर मनात पाच आकडे मोजायचे. शेजारी दोन्ही भाषा येणारी एक बोलकी मुलगी बसवली.

मराठीत आलेलं उत्तर चूक धरायचं नाही, हे शिक्षिकेला सगळ्यात अवघड गेलं. तो "बाटली सांडली" म्हणाला की "स्पीक इन इंग्लिश" न म्हणता "येस, द वॉटर स्पिल्ड, लेट्स वाइप इट" म्हणायचं आणि फडकं द्यायचं. पुन्हा म्हणून घ्यायचं नाही. पहिल्या आठवड्यात त्यांनी नकळत "नाऊ यू से" जोडलं आणि मुलगा दोन दिवस परत मिटला. कारण उघड होतं: बोलणं पुन्हा परीक्षा झालं.

गोष्टीच्या तासाला त्या प्रत्येक वाक्याचं मराठी लगेच सांगत. तसं केलं की मुलं इंग्रजी ऐकायचं सोडून मराठीची वाट बघतात. त्याऐवजी सोमवारी दोन मिनिटांत गोष्ट मराठीत सांगायची, मग चित्रं दाखवत इंग्रजीत वाचायची. शुक्रवारपर्यंत रोज तेच पुस्तक, त्यातले पाचच शब्द पक्के करायचे. बुधवारपासून ओळीतला शेवटचा शब्द सोडून थांबायचं. मुलं तो भरतात.

घरी पहिलं काम म्हणजे मराठी परत आणणं. आजींना सांगितलं, रोज गोष्ट सांगा, आणि मध्येच थांबून "मग काय झालं असेल?" एवढंच विचारा. रविवारी मंडईत नेलं तर दोडका आणि घोसाळं यांत फरक काय, पडवळ एवढं लांब का, यावर बोला. "हे काय? इंग्रजीत सांग" बंद. इंग्रजी बोलला तर चॉकलेट, हेही बंद. बाबांचं इंग्रजी चांगलं आहे आणि वाचायला त्यांना आवडतं. रात्री एक चित्रांचं इंग्रजी पुस्तक त्यांनी वाचावं, प्रश्न न विचारता.

दिवाळीनंतर पंधरा दिवसांत बाटली अर्धी रिकामी येऊ लागली. डिसेंबरात एकेक शब्द आले. जानेवारीत तो तक्रार घेऊन गेला: "टीचर, ही माय पेन्सिल टेक." हे त्याचं स्वतःचं पहिलं वाक्य, मराठीच्या वळणाचं: कर्ता, कर्म, शेवटी क्रियापद. शिक्षिका म्हणाल्या, "ओह, ही टुक युअर पेन्सिल?" आणि आधी पेन्सिल मिळवून दिली.

आईचा पुढचा प्रश्न होता, "इतर मुलांसारखं कधी बोलेल?" जिम कमिन्स या कॅनडातल्या अभ्यासकाच्या मांडणीप्रमाणे नव्या भाषेत रोजचं बोलणं जमायला साधारण दोन वर्षं लागतात, आणि अभ्यासाची भाषा पेलायला पाच ते सात. तेव्हा पहिलीत तो फाडफाड बोलायला लागला, तरी परिसर अभ्यासाचा धडा घरी मराठीत समजावून द्यावा लागेल. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात शक्य तिथे किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेत शिकवावं असं म्हटलं आहे, ते यासाठीच. या कुटुंबानं माध्यम निवडलेलं आहे. त्यांच्यावर आता तो वाद लादण्यात अर्थ नाही. घरची मराठी भक्कम ठेवणं मात्र त्यांच्या हातात आहे.

सगळ्यांनी असं थांबून मात्र चालणार नाही. मूल दोन वर्षांचं झालं तरी घरच्या भाषेत दोन शब्द जोडत नसेल, हाकेला वळत नसेल, येत असलेले शब्द गेले असतील, किंवा चार वर्षांचं झालं तरी बाहेरच्यांना त्याचं बोलणं कळत नसेल, तर लगेच वाचा-श्रवणतज्ज्ञांना दाखवावं. पुण्यात धनकवडीला भारती विद्यापीठाची या विषयाची शाखा आहे, मोठ्या रुग्णालयांतही सोय असते. तपासणी मुलाच्या घरच्या भाषेत व्हावी, असा आग्रह पालकांनी धरावा. फक्त इंग्रजीत तपासलं तर या मुलालाही 'मागे आहे' असंच ठरवलं गेलं असतं.

जूनमध्ये वर्गशिक्षिका बदलतील. म्हणून मार्चमध्ये एक पानी नोंद तयार केली: कळणाऱ्या आठ सूचना, प्रश्नांच्या पायऱ्यांपैकी तिसरीपर्यंत आला आहे ही खूण, शेजारी कोण बसवायचं, आणि पहिल्याच ओळीत, करंगळी दाखवली की जाऊ द्यायचं.