पोरगा बावीसचा, काका कोल्हापूरचे

न्यू जर्सीहून एका ताईंचं पत्र आलंय. मुलगा बावीस वर्षांचा, जन्म तिकडचा. डिसेंबरमध्ये चुलतभावाच्या लग्नाला आठ दिवस कोल्हापुरात, मग सगळी भावंडं गाडी काढून गोव्याला. ताई लिहितात, "एकवीस पूर्ण झालंय, त्यामुळे त्याच्या पिण्याबद्दल मी काही बोलत नाही. पण त्याचे काका लोक फार आग्रही. आणि पासपोर्ट त्याच्याजवळ देऊ की मी ठेवू?"

ताई, एकवीसचा हिशेब तिकडचा झाला. अमेरिकेत १९८४ च्या कायद्यामुळे सगळ्या राज्यांत २१ ठरलं, आणि ते एकदा झालं की बिअर काय नि व्हिस्की काय, सारखंच. महाराष्ट्रात वाईन आणि सौम्य बिअरला २१, कडक दारूला २५. म्हणजे तुमचा मुलगा तिकडे जी व्हिस्की उजळ माथ्याने मागवतो, ती इथे त्याला अजून तीन वर्षं नाही. कॅनवर 'स्ट्राँग' लिहिलेली बिअरही त्याने सौम्यात धरू नये.

त्यात आपल्याकडे परवाना नावाची गोष्ट आहे. 'परमिट रूम' ही पाटी आपण लहानपणापासून वाचतो, पण त्यातलं परमिट कुठे असतं हे कुणी विचारत नाही. १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली इथे दारू बाळगायला नि प्यायला परवाना लागतो. विदेशी मद्याचा एका दिवसाचा पाच रुपयांना, वर्षाचा शंभर, आजन्म हजार. काका हसतील. "कोण बघतंय रे?" म्हणतील. बहुतेक वेळा कोणी बघत नाही, हे खरंच आहे. पण ज्या दिवशी बघतात त्या दिवशी काकांची ओळख चौकीपर्यंत पोचते, आणि अमेरिकन पासपोर्टवाल्या पोराची रात्र बाकावर जाते.

आता ओळखपत्राचं. गेल्या मे महिन्यात माझा भाचा आला होता, मार्चमध्ये एकवीस पूर्ण झालेला. ताराराणी चौकाकडच्या एका हॉटेलात आम्ही जेवायला बसलो. त्याने बिअर मागितली, वेटरने वय विचारलं. पोराने खिशातून अमेरिकेचं ड्रायव्हिंग लायसन काढलं. त्यावर ०३/०९/२००४. तिकडे महिना आधी लिहितात, म्हणजे ९ मार्च. वेटरने आपल्या पद्धतीने वाचलं, ३ सप्टेंबर. "साहेब, चार महिनं थांबा की," म्हणाला, आणि ताक आणून ठेवलं. माझे मेहुणे चवताळले, "आरं घरचाच पोरगा हाय!" वेटर काही बधला नाही. मला तर तो आवडलाच. पासपोर्टवर महिना अक्षरांत छापलेला असतो, तो असता तर घोळ झाला नसता. पण पासपोर्ट घरी, कपाटात, आजीच्या पैठणीखाली.

आणि तो तिथेच असावा, असं माझं मत आहे. बारमध्ये एक ग्लास कमी मिळाला तर बिघडत नाही. पासपोर्ट मात्र लग्नाच्या गर्दीत, शेरवानीच्या खिशातून पडला, तर आधी पोलीस ठाण्यात तक्रार आणि मग मुंबईला वांद्रे-कुर्ला संकुलातल्या अमेरिकन वकिलातीच्या वाऱ्या. ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाला भारत सरकार देतं ते) असलं तरी ते पासपोर्टची जागा घेत नाही. तेव्हा रोजच्या फिरण्याला लायसन आणि मोबाईलमध्ये पासपोर्ट-ओसीआयचे फोटो पुरेत. मूळ कागद बाहेर काढायचे ते विमानाला, महालक्ष्मी एक्सप्रेसला आणि गोव्यातल्या हॉटेलला. हॉटेलवाले परदेशी पाहुण्याचा पासपोर्ट मागतातच, त्यांना सरकारकडे नोंद करावी लागते. त्या प्रवासात एकाच्याच पाउचमध्ये सगळ्यांचे पासपोर्ट नकोत. तो एकजण नेमका मागे राहतो.

गोव्याहून परततानाचं कलम वेगळंच आहे. बाटल्या तिकडे स्वस्त, डिकी मोठी, आणि कुणीतरी म्हणतंच, "चार-पाच टाकू या की." गोव्याची दारू परवान्याशिवाय महाराष्ट्रात आणणं गुन्हा आहे. आंबोलीच्या बाजूला राज्य उत्पादन शुल्कवाले गाड्या उघडून बघतात, आणि मालाबरोबर गाडीही जप्त होऊ शकते. गाडी बहुधा काकांची असते, म्हणून हे पोराला नको, काकांना सांगा.

गाडी कोण चालवणार हेही आधीच ठरवा. अमेरिकन लायसनवर इथे चालवायची असेल तर आंतरराष्ट्रीय परवाना तिकडूनच काढून आणायचा. बुलेटवर बसायचं असेल तर त्यात दुचाकी आहे का बघा. तिकडच्या बहुतेक राज्यांत रक्तात मद्याची मर्यादा ०.०८ टक्के, इथे १०० मिलिलिटरला ३० मिलिग्रॅम, म्हणजे ०.०३. तिकडे "दोन घेतल्या तरी चालतं" असा ज्याचा अंदाज आहे, तो इथे फसतो. पहिल्याच वेळी दहा हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही.

पन्हाळ्यावर नेणार असतील तर गडावर बाटली काढायची नाही, एवढं बजावा. तो गुन्हाही आहे, आणि गावकरी पोलिसांची वाट बघत नाहीत.

उन्हाळ्यात आजोबा तिकडे येणार असतील तर त्यांनाही तयार करून ठेवा. माझे सासरे अडुसष्टाव्या वर्षी तिकडे बिअर घ्यायला गेले. काउंटरवरच्या मुलीने ओळखपत्र मागितलं. त्यांना वाटलं, थट्टा करतेय. पांढऱ्या मिशीवर बोट ठेवून दाखवलं, मग आधार कार्ड काढलं. तिने ते उलटसुलट बघून परत दिलं आणि शेजारी उभ्या असलेल्या एकोणीस वर्षांच्या नातवाकडे बोट केलं: हा बरोबर असेल तर विक्री नाही. आजोबा रिकाम्या हाताने घरी, आणि दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. तिकडे दुकानात जायचं तर पासपोर्ट खिशात आणि नातू गाडीत.

राहता राहिला काकांचा आग्रह. "मला गाडी चालवायची आहे" हे कोल्हापुरात चालत नाही, "गाडी मी चालवतो, तू घे" असं उत्तर तयार असतं. "पहाटे अंबाबाईच्या काकड आरतीला जायचंय" असं म्हणायला शिकवा. ग्लास लगेच मागे जातो. फक्त मग पहाटे उठून खरंच जावं लागतं, कारण आजी हाक मारायला येते.