जुन्या काळची माणसे खरोखरच एवढी ठेंगणी होती का?

प्रश्न : गेल्या तीन-चार शतकांतील रोजचे जीवन मांडणारे एक स्थानिक इतिहासाचे संग्रहालय नुकतेच पाहिले. तेथील कपडे, जोडे, पलंग, दरवाजे सारेच लहान वाटले. पूर्वीची माणसे एवढी ठेंगणी होती का? आणि कपड्यांच्या दालनात इतका अंधार का ठेवतात?

उत्तर : माणसे आजच्यापेक्षा थोडी बुटकी होती, हे अनेक प्रदेशांच्या बाबतीत खरे आहे, परंतु हा फरक सरासरीने काही सेंटीमीटरांचाच असे. संग्रहालयात तो जास्त भासतो, कारण तेथे मांडलेले कपडे त्या काळाचे प्रातिनिधिक नमुने नसतात, तर काळाच्या तावडीतून सुटलेले अपवाद असतात. मोठ्या मापाचा कपडा उसवून, कापून त्याचा दुसरा कपडा करता येई आणि तो विरला की मुलांसाठी शिवता येई. लहान मापाच्या कपड्यातून मात्र काहीच निघत नसल्यामुळे तो पेटीत पडून राही. लग्नाचा पोशाख जपला जाई, कामाचा अंगावरच झिजे. त्यातच युरोपात एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत कागद मुख्यतः लिननच्या व सुती चिंध्यांपासून बनत असल्याने उरलेसुरले कापडही कागदाच्या गिरणीत जाई. सामान्यांच्या वस्तू मुद्दाम गोळा करण्याची दृष्टीही फार उशिरा आली. स्टॉकहोममध्ये आर्थर हाझेलियस यांनी जुनी घरे हलवून आणून स्कॅन्सेन हे खुले संग्रहालय उघडले ते १८९१ साली, म्हणजे यंत्रयुगाने जुने जीवन बरेचसे पुसून टाकल्यानंतर.

दरवाज्यांचे कारण अगदी वेगळे आहे. थंड प्रदेशांत ठेंगण्या दारातून ऊब कमी निसटे. पलंगाच्या बाबतीत तर डोळेच फसतात : उंच खांब, पडदे आणि ऐसपैस रुंदी यांमुळे तो आखूड दिसतो, पण टेप लावून मोजल्यास त्याची लांबी पुष्कळदा आजच्या पलंगाइतकीच भरते. म्हणून वस्तूशेजारच्या पाटीवर माप दिलेले असेल तर ते अवश्य वाचावे. ज्या पाटीवर केवळ ‘जुना पलंग’ एवढेच लिहिलेले असते, ती पाटी लिहिणाऱ्याने, माझ्या मते, आपले काम अर्धेच केलेले असते.

आता अंधाराविषयी. प्रकाशामुळे कापडाचा रंग उडतो, धागा ठिसूळ होतो आणि ही हानी साचत जाते. कपडा पुन्हा काळोखात ठेवल्याने ती भरून निघत नाही. त्यामुळे नाजूक कापडावर सुमारे ५० लक्सपेक्षा (लक्स हे पृष्ठभागावर पडणारा प्रकाश मोजण्याचे एकक) अधिक प्रकाश पडू न देण्याचा संकेत संग्रहालये पाळतात आणि काही महिन्यांनी प्रदर्शनातील कपडे बदलून आधीचे कोठारात ठेवतात. बाहेरच्या उन्हातून थेट अशा दालनात शिरल्यास काहीच नीट दिसत नाही. डोळे सरावण्यासाठी पाच-दहा मिनिटे जाऊ द्यावीत, म्हणजे टाके आणि ठिगळेसुद्धा स्पष्ट दिसू लागतात.