खुर्चीतून उठताना हाताचा आधार का लागतो?

प्रश्न : माझं वय ६८. निवृत्त झाल्यापासून रोज सकाळी पाऊण तास चालते. रक्तदाब गोळीने आटोक्यात आहे, वजनही वाढलेलं नाही. तरी हल्ली खुर्चीतून उठताना हातांवर जोर द्यावा लागतो, जिना चढताना कठडा सोडवत नाही. उजव्या गुडघ्यात थोडी झीज आहे म्हणून घरचे म्हणतात, चालणंही कमी कर. काय करू?

उत्तर : ताई, चालणं अजिबात कमी करू नका. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम गतीच्या हालचालीची सांगते, तुमचा तो हिशेब केव्हाच भरला आहे. पण त्याच संघटनेने ६५ नंतर आठवड्यातून तीन दिवस ताकदीचे आणि तोल सांभाळण्याचे व्यायामही सांगितले आहेत आणि तिथे बहुतेकांची पाटी कोरी असते. सपाट रस्त्यावर चालताना मांडीचे स्नायू त्यांच्या ताकदीचा थोडाच भाग वापरतात. खुर्चीतून उठताना मात्र सगळा भार त्यांच्यावर येतो, म्हणून उणीव तिथे जाणवते.

तिशीनंतर दर दहा वर्षांनी स्नायू साधारण ३ ते ८ टक्क्यांनी घटतात, साठीनंतर जास्त वेगाने. ताकद तर त्याहून लवकर उतरते. त्यातही झटकन आकुंचन पावणारे तंतू जास्त बारीक होतात. ठेच लागल्यावर पाय चटकन पुढे टाकून आपल्याला सावरतात ते हेच. म्हणून तुमच्या गुडघ्यापेक्षा मला त्या कठड्याची काळजी जास्त वाटली.

‘या वयात आता कसली ताकद येणार’ असं माझ्याकडे उपचाराला येणारे कितीतरी जण म्हणतात. फिजिओथेरपिस्ट म्हणून हे मला मुळीच मान्य नाही. १९९० साली अमेरिकेत नव्वदीच्या आसपासच्या वृद्धाश्रमवासीयांकडून आठ आठवडे पायांनी वजन उचलण्याचा व्यायाम करून घेतला होता. ज्यांनी तो पूर्ण केला, त्यांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. तुम्ही तर ६८च्या आहात!

खुर्चीपासूनच सुरुवात करा. बिनचाकांची, भक्कम खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. पुढच्या कडेला या, पावलं गुडघ्यांच्या जरा मागे घ्या, कमरेतून पुढे झुका आणि श्वास सोडत उठा. श्वास रोखून जोर लावला की रक्तदाब चढतो, तुम्ही तर हे कटाक्षाने टाळा. बसताना मनात तीन आकडे मोजत सावकाश खाली या. धपकन बसलात तर अर्धा व्यायाम वाया जातो. हाताशिवाय उठता येत नसेल, तर बसायच्या जागेवर जाड, घट्ट उशी ठेवून उंची वाढवा. आठ-दहा वेळा करा, दम खा, मग पुन्हा तेवढंच. सोपं वाटू लागलं की उशी काढा आणि पुढे दोन्ही हातांत भरलेल्या बाटल्या घ्या. हे वाढवत नेणं फार महत्त्वाचं, कारण स्नायूला रोजच्यापेक्षा थोडं जड पडल्याशिवाय तो बळकट होत नाही. जोडीला जड टेबल धरून टाचा उचला, एकेका पायावर उभ्या राहा. मध्ये एखादा दिवस मोकळा सोडा.

झीज असली तरी गुडघ्याला या व्यायामाची गरज आहे. मांडी बळकट झाली की गुडघ्याला आधार मिळतो. दुसऱ्या दिवशी मांड्या भरून आल्या तर घाबरू नका. सांधा सुजला, किंवा वाढलेलं दुखणं दुसऱ्या दिवशीही तसंच राहिलं, तर संख्या कमी करा. छातीत दुखलं, गरगरलं, नेहमीपेक्षा जास्त दम लागला तर लगेच थांबा आणि डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न : माझे वडील ८१ वर्षांचे आहेत. एकदा पडले, तेव्हापासून भीतीने खोलीबाहेरही येत नाहीत. त्यांना बळेच चालवावं का?

उत्तर : बळेच नको. पण बसूनही ठेवू नका, कारण न हलल्याने पाय आणखी अशक्त होतात आणि पुन्हा पडण्याची शक्यता वाढते. आधी ते का पडले हे डॉक्टरांकडून समजून घ्या. नजर, चालू असलेल्या गोळ्या, उठल्याबरोबर रक्तदाब घसरतो का, हे सगळं तपासून घ्या. मग खोलीतल्या खोलीत, दिवसातून बऱ्याचदा, थोडं थोडं चालवा. तेव्हा त्यांच्या किंचित मागे, एका बाजूला राहा. दंडाला धरून ओढू नका, तुमचा हात पुढे करा आणि त्यांना तो हवा तेव्हा धरू द्या.