युद्ध चालू असताना सैनिक पळाले, तर जाब कोणाला विचारायचा?

तुमचा प्रश्न असा आहे की युद्ध चालू असताना सैनिक तुकडी सोडून पळून गेले, तर जबाबदार कोणाला धरायचं: त्या सैनिकाला, त्याच्या अधिकाऱ्यांना, सरकारला, फूस लावणाऱ्यांना की घरच्यांना?

एकटादुकटा पळाला तर दोष बहुतांशी त्याचा. पलटणीच्या पलटणी रिकाम्या होऊ लागल्या तर मात्र दोष वर शोधावा लागतो. तो शोधायची तयारी फार थोड्या देशांनी दाखवली आहे, आणि लष्करी इतिहास वाचताना मला याचाच सगळ्यात जास्त राग येतो.

पळणाऱ्याचा दोष मी कमी लेखत नाही. पहाऱ्यावरचा माणूस रात्री निघून गेला की त्याच्या वाट्याचा पहारा शेजारच्याला करावा लागतो. ज्या बाजूवर नजर ठेवायचं त्याने कबूल केलं होतं ती बाजू उघडी पडते, आणि गोळी लागते ती थांबलेल्याला. पळालेल्याच्या भीतीची कणव जरूर यावी, पण त्या भरात या थांबलेल्या माणसाचा विसर पडू नये.

कायदाही पळणाऱ्यापासूनच सुरुवात करतो. भारताच्या 1950च्या लष्कर कायद्यात कलम 39 खाली विनारजा गैरहजेरीला कमाल तीन वर्षांची कैद आहे. कलम 38 पळून जाण्याबद्दल आहे आणि युद्धसेवेवर असताना पळालेल्याला तिथे मृत्युदंडापर्यंत शिक्षा होऊ शकते. व्यवहारात दोन्हींतला फरक हेतूचा, म्हणजे त्याला परत यायचं होतं की नव्हतं. पण याच कलम 38 मध्ये पुढे जे लिहिलंय त्याकडे सहसा कोणाचं लक्ष जात नाही. पळालेल्याला जाणूनबुजून आसरा देणारा दोषी आहे, आणि कोणी पळतोय हे माहीत असून वर न कळवणारा सहकारीही दोषी आहे. म्हणजे जबाबदारी एकट्याची नसते हे कायद्याला मान्य आहे, फक्त ती तो आजूबाजूला वाटतो. ज्याने महिनोन्‌महिने रजा अडवल्या, शिधा परस्पर विकला, दमलेल्या तुकडीला आघाडीवरून मागे घेतलं नाही, त्याच्याबद्दल या कलमात एक शब्द नाही.

तो वरचा दोष मोसुलमध्ये उघडा पडला. जून 2014 मध्ये इराकचं हे मोठं शहर काही दिवसांत इस्लामिक स्टेटच्या हाती गेलं. हल्लेखोर फार तर दीड-दोन हजार होते आणि समोर कागदावर सैन्याच्या दोन डिव्हिजन, म्हणजे हजारो सैनिकांच्या दोन मोठ्या तुकड्या, होत्या. इराकी सैनिक भित्रे निघाले, असं तेव्हा सर्रास बोललं गेलं. पण कागदावरची पुष्कळ माणसं तिथे नव्हतीच. पगारातला वाटा अधिकाऱ्याला द्यायचा आणि घरी बसायचं, हा सौदा राजरोस चालत होता. त्याच वर्षी 30 नोव्हेंबरला नवे पंतप्रधान हैदर अल-अबादी यांनी संसदेत सांगितलं की चार डिव्हिजनमध्ये मिळून अशी 50,000 नावं सापडली. जी माणसं खरोखर मोर्चावर होती, त्यांना कळलं की वरिष्ठ सेनापती शहर सोडून गेलेत. त्यानंतर वर्दी टाकून पळालेल्या शिपायाला आधी धरायचं की त्याच्या सेनापतीला? इराकी संसदेच्या चौकशी समितीने ऑगस्ट 2015 मध्ये तीसहून अधिक अधिकाऱ्यांवर आणि नेत्यांवर ठपका ठेवला. त्यात माजी पंतप्रधान नूरी अल-मलिकी यांचंही नाव होतं. मलिकींनी तो अहवाल धुडकावला. तरीही पळालेल्या सैन्याचा जाब थेट देशाच्या सर्वोच्च पदापर्यंत नेला गेला, आणि तो तिथेच जायला हवा होता असं माझं ठाम मत आहे.

आता फूस लावणाऱ्यांबद्दल. हे उत्तर सरकारांना नेहमीच आवडतं, कारण त्यात बोट बाहेरच्या कोणाकडे तरी दाखवता येतं. अमेरिकन यादवीत, म्हणजे फुटून निघालेल्या दक्षिणेविरुद्धच्या युद्धात, उत्तरेचा राष्ट्राध्यक्ष असलेल्या अब्राहम लिंकनने जून 1863 मधल्या एका जाहीर पत्रात विचारलं होतं की पळून जाणाऱ्या साध्याभोळ्या पोराला मी गोळी घालायची आणि त्याला पळायला लावणाऱ्या धूर्त चळवळ्याच्या केसालाही धक्का लावायचा नाही का? प्रश्न जोरदार आहे आणि लिंकनबद्दल मला आदर आहे, पण त्याच्याच सैन्याची त्याआधीच्या सहा महिन्यांची हकिगत वेगळं काही सांगते.

डिसेंबर 1862 मध्ये फ्रेडरिक्सबर्गला उत्तरेच्या सैन्याचा दारुण पराभव झाला. तटबंदीसारख्या भिंतीमागे बसलेल्या शत्रूवर उघड्या मैदानातून एकामागून एक लाटा पाठवल्या गेल्या होत्या. नंतरच्या हिवाळ्यात छावणीत रोगराई, शिळा-कोरडा शिधा आणि महिनोन्‌महिने थकलेला पगार. पोटोमॅकच्या सैन्यातून (उत्तरेच्या याच सैन्याचं हे नाव) रोज माणसं गळू लागली. आजारी, दुसरीकडे पाठवलेले आणि पळालेले असे सगळे धरून गैरहजर लोकांचा आकडा 80 हजारांच्या वर गेला. जानेवारी 1863 च्या अखेरीस जोसेफ हुकर सेनापती झाला. त्याने ताजा पाव आणि भाज्या सुरू केल्या, छावण्या आणि इस्पितळं साफ करवून घेतली आणि पाळीपाळीने रजा देण्याची पद्धत घातली. मार्चमध्ये लिंकनने स्वतःच जाहीर केलं की 1 एप्रिलपर्यंत परत येणाऱ्यांना पळून गेल्याची शिक्षा होणार नाही. पळून जाणं झपाट्याने कमी झालं, काही आठवड्यांत. युद्धाविरुद्ध भाषणं करणारे तेव्हाही होतेच, वर्तमानपत्रंही तीच होती. बदललं होतं ते ताट, रजा आणि वरचा माणूस. हुकर मे महिन्यातली लढाई हरला, पण सैन्य विस्कटलं नाही आणि जुलैमध्ये तेच सैन्य गेटिसबर्गला उभं राहून जिंकलं.

पहिल्या महायुद्धात, 1917 मध्ये, फ्रान्सला जवळपास हाच धडा मिळाला. सेनापती निव्हेलने एप्रिलमध्ये मोठ्या विजयाचं आश्वासन देऊन चढाई केली. पहिल्या दहा दिवसांतच मेलेल्या आणि जखमी झालेल्यांचा आकडा लाखावर गेला. त्यानंतर अनेक डिव्हिजनमधल्या सैनिकांनी खंदक राखू पण अशा चढाईत पुन्हा जाणार नाही, असं सांगितलं. पळून जाणाऱ्यांची संख्याही वाढली. निव्हेलच्या जागी सेनापती पेताँने सूत्रं घेतल्यावर पाचशेहून अधिक जणांना मृत्यूची शिक्षा सुनावली गेली. प्रत्यक्षात गोळ्या घातल्या त्या पन्नासपेक्षा कमी लोकांना. सैन्य सावरलं ते मुख्यतः नियमित रजा, बरं जेवण आणि तशा चढाया थांबवल्यामुळे. निव्हेलचं पद गेलं आणि पुढे त्याला उत्तर आफ्रिकेत पाठवलं. कोर्ट मार्शल शिपायांच्याच वाट्याला आलं.

शिक्षेची जरब हवी, नाहीतर कोणीच थांबणार नाही, असं म्हणणारे मला अनेक भेटतात. जरब अजिबात नको असं मीही म्हणत नाही. पण ती कोणावर येऊन पडते ते बघा. दुसऱ्या महायुद्धात 21 हजारांहून अधिक अमेरिकन सैनिक पळून गेल्याबद्दल दोषी ठरले, 49 जणांना मृत्युदंड सुनावला गेला आणि अमलात आला एकाचा: एडी स्लोविक, 31 जानेवारी 1945. त्याने लेखी कबुली दिली होती, आघाडीवर पाठवलं तर पुन्हा पळेन असंही लिहिलं होतं, आणि ते पत्र मागे घ्यायची संधी नाकारली होती. त्याचा दोष खरा होता. पण बाकीच्या हजारोंपेक्षा तो इतका मोठा होता का? माझ्या मते नाही. पहिल्या महायुद्धात पळून जाणं, भ्याडपणा अशा गुन्ह्यांसाठी गोळ्या घातलेल्या 306 सैनिकांना ब्रिटनने 2006 मध्ये माफी दिली. त्यातल्या हॅरी फारवर तोफमाऱ्याच्या मानसिक धक्क्यासाठी इस्पितळात अनेक महिने उपचार झाले होते. तरी त्याला परत पाठवलं, खटल्यात बाजू मांडायला कोणी दिलं नाही आणि ऑक्टोबर 1916 मध्ये गोळी घातली. आजारी माणसाला आघाडीवर पाठवणाऱ्याचं काय, हा प्रश्न त्या खटल्यात निघालाच नाही.

युद्धच अन्यायाचं असेल, तर हिशेब उलटा होतो. नाझी जर्मनीच्या लष्करी न्यायालयांनी पळून गेल्याबद्दल हजारो सैनिकांना मारलं. वाचलेले युद्धानंतरही कायद्याच्या लेखी गुन्हेगारच राहिले. जर्मन संसदेने त्या शिक्षा सरसकट रद्द केल्या 2002 मध्ये, तोवर बहुतेक जण हयातही नव्हते. या माणसांना जबाबदार धरणं मला अजिबात पटत नाही.

राहिले घरचे. अमेरिकन यादवीत दक्षिणेतल्या बायका नवऱ्यांना लिहीत होत्या की पोरं उपाशी आहेत, या. बरेच जण गेले. त्याच दक्षिणेने ऑक्टोबर 1862 मध्ये कायदा केला होता की वीस किंवा अधिक गुलाम असलेल्या मळ्यामागे एका गोऱ्या माणसाला सैन्यातून सूट. ज्या सरकारने श्रीमंताला घरी राहू दिलं आणि गरिबाच्या घरात दाणा आहे का हे पाहिलं नाही, त्याला त्या पत्रांबद्दल तक्रार करायचा हक्क नव्हता. स्टालिनने ऑगस्ट 1941 च्या 270 क्रमांकाच्या हुकमाने पळणाऱ्या अधिकाऱ्यांच्या कुटुंबांना अटक करायला सांगितलं आणि शरण जाणाऱ्या सैनिकांच्या कुटुंबांची सरकारी मदत बंद केली. त्याचा स्वतःचा मुलगा जर्मनांच्या हाती सापडला तेव्हा सुनेलाही तुरुंगात टाकलं. तुमच्या यादीतून घरच्यांचं नाव मी पूर्णपणे काढून टाकतो.