दारात सोनं उतरत नाही

मी कुटुंबांचं समुपदेशन करते. आठवडा-पंधरवड्यात एखादा तरी फोन असा येतोच. लेकरं पुण्याला, आई-वडील परभणी, हिंगोली नाही तर जालन्याच्या घरी, आणि प्रश्न ठरलेला : "आई परत फसली हो. तिचं डोकं चालेनासं झालंय का? पैसे-दागिने काढून घ्यावेत का तिच्याकडून?" त्याचं उत्तर म्हणून परभणीच्या एका आजींबद्दल सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

आजी 71 वर्षांच्या, एकट्या राहणाऱ्या. भर दुपारी दोन तरुण आले, भांडी उजळायची पावडर घेऊन. आधी समई घासून दिली, फुकट. मग चांदीची जोडवी. दोन्ही लखलखली, तेव्हा म्हणाले, "आजी, पाटल्या किती काळवंडल्यात." पाटल्या त्यांच्याजवळच्या भांड्यातल्या पाण्यात पाच-दहा मिनिटं राहिल्या, मग हळदीच्या पाण्याच्या डब्यात घालून परत मिळाल्या. "अर्धा तास झाकण उघडू नका."

ते पहिलं पाणी म्हणजे आम्लराज, सोनं विरघळवणारं आम्ल. पाटल्या दिसायला तशाच राहतात, वजन मात्र उतरतं. उतरलेलं सोनं त्या पाण्यात असतं आणि पाणी ते सोबत घेऊन जातात. अर्धा तास सांगतात तो पसार व्हायला. आजींच्या 40 ग्रॅमच्या पाटल्या सराफाच्या काट्यावर 33 ग्रॅम भरल्या.

पहिल्या भेटीत मुलगाच बोलत होता. "हजारदा सांगितलं होतं मी, कुणाला घरात घेऊ नको म्हणून." आजी पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसलेल्या.

मी विचारलं, "आजी, हे घरी कळलं कधी?"

"दिवाळीला. सुनेनं पाटल्या हातात घेतल्या तेव्हा. दोन महिन्यांनी."

"आणि तुम्हाला?"

"मला त्याच दिवशी. हातात घालताच हलक्या लागल्या, माय."

त्याच दिवशी कळलं होतं! डोकं उत्तम चालत होतं. (बिलं विसरणं, नोटा मोजताना गोंधळणं, तेच तेच विचारणं असं सोबत असेल तर मात्र डॉक्टरांना दाखवा. नुसत्या फसण्यावरून काही स्मृतिभ्रंश ठरत नाही.) मग दोन महिने गप्प का? "हा रागवल म्हणून."

मी जरा थांबून विचारलं, "अजून काही सांगायचं राहिलंय का?" बराच वेळ गेला. "पलंगाखाली पाण्याचं मशिन आहे. 18,500 चं. खोकं उघडलंच नाही." मुलाची मान खाली गेली.

मी पूर्ण कुटुंबासोबत काम करते. एकट्या माणसाला समोर बसवून त्याच्यातला दोष हुडकण्यावर माझा विश्वास नाही, आणि अशा प्रकरणांत तर मुळीच नाही. ठग दारातून अर्ध्या तासात निघून जातो. त्याचं उरलेलं काम घरातली बोलणी करतात, कारण बोलणी खाल्लेलं माणूस पुढच्या वेळी सावध होत नाही, लपवायला शिकतं. हे मुलाला समजलं आणि पुढच्या भेटीपासून तो आईच्या शेजारी बसू लागला.

पाणी शुद्ध करायच्या त्या मशिनचा खेळही आजींना उलगडून दाखवला. विक्रेता नळाच्या पाण्यात दोन सळ्या सोडून वीज लावतो, पाणी तपकिरी-काळं होतं. ती घाण पाण्यातली नसते, बरीचशी लोखंडी सळीच झिजून उतरलेली असते. मशिनच्या पाण्यात क्षार कमी, वीज नीट वाहत नाही, म्हणून ते स्वच्छ राहतं. त्यात चिमूटभर मीठ टाका, तेही काळं होईल. आपल्याकडं बोअरचं पाणी जड असतंच, त्यामुळं भीती लगेच पटते.

पण माहितीनं काम भागत नव्हतं. आजी म्हणत, "उन्हातान्हात लेकरू दारात उभं, पाणी मागायलंय. त्याला नाही कसं म्हणावं?"

तिसऱ्या भेटीत मी विचारलं, "दारी आलेल्याला तुम्ही कधीच नाही म्हणाला नाहीत?"

"नाही बाई." मग थोड्या वेळानं, "तिन्हीसांजेला कुणी विरजण मागायला आलं तर देत नाही."

"शेजारीण रागावते?"

"रागवायचं काय त्यात? रीतच आहे ती."

हे बोलून आजी स्वतःच थबकल्या. माझ्याकडं बघून हसल्या, त्या भेटींमध्ये पहिल्यांदा. नकार त्यांना येत होताच, फक्त तो माणसाचा अपमान वाटता कामा नये. घराची रीत म्हटली की अपमान राहत नाही. 'लोकांवर विश्वास ठेवू नका' असं सत्तरीच्या माणसाला शिकवण्यापेक्षा त्याच्याच घरातली रीत एक पाऊल पुढं नेणं किती सोपं, हे मला त्या दिवशी उमगलं, आणि तो प्रश्न सुचला याचं समाधान आजही आहे.

रीती आजींनीच ठरवल्या. दारात सोनं उतरत नाही, मग काढायला सांगणारा स्वतःला पोलीस का म्हणवून घेईना. दारात पैशाचा व्यवहार होत नाही, आजची सवलत असली तरी उद्या या. गॅसच्या तपासणीला आलो म्हणाला तर ग्रिल लावलेलंच ठेवून गॅसच्या पुस्तकावरच्या एजन्सीच्या नंबरला फोन. तपासणी पाच वर्षांनी खरोखर असते, म्हणूनच हे खोटं खपतं. ओळखपत्रावरचा नंबर लावायचा नाही, तो त्यांचाच माणूस उचलतो. थेट विक्रीच्या 2021 च्या नियमांप्रमाणे ओळखपत्र आणि आधी ठरवलेली वेळ नसताना विक्रेत्याला घरी येता येत नाही, हे मुलानं मोठ्या अक्षरांत लिहून दाराच्या आतून चिकटवलं. खाली नंबर : पोलीस 112, मोबाइलवरून पैसे गेले तर लगेच 1930, ग्राहक तक्रार 1915, ज्येष्ठांसाठी 14567.

मुलासाठी रीती दोनच होत्या. आईनं काही सांगितलं की पहिलं वाक्य "बरं झालं सांगितलंस." रोज रात्री जेवणानंतर फोन, आणि त्यात निदान पाच मिनिटं पैशांचा विषय नाही.

शेवटच्या भेटीत आजी म्हणाल्या, "परवा एकजण आला होता, गुडघ्याच्या तेलाचा. लई बोलायला. म्हटलं, आमच्यात दारात व्यवहार होत नाही. म्हणाला, निदान पाणी तरी द्या."

"मग?"

"दिलं की. तांब्याभर. ग्रिलमधून."